रविवार नाशिककरांचा

रविवारी सकाळी दहा वाजल्यानंतर घराबाहेर पडणारा नाशिककर आपल्याच गावात पाहुणा ठरतो. मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत परगावच्या गाड्यांची गर्दी, त्र्यंबकच्या रस्त्यावर रांग, गंगापूर रोडवर वाइनरीकडे निघालेल्या मोटारी, आणि नावाजलेल्या मिसळीच्या दारात यादीच्या पार तळाला लिहिलेलं आपलं नाव. पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात एकच दिवस असतो आणि त्यांनी तो अकरा ते पाच या वेळात बसवलेला असतो. आपल्याला तशी घाई नाही. म्हणून निवांत रविवारचा माझा सल्ला सगळा घड्याळाभोवती फिरतो: पहाटेपासून साडेनऊपर्यंत गाव आपलं, मधला वेळ घरचा, साडेचारनंतर पुन्हा गाव आपलं. आणि एका रविवारी एकच दिशा धरायची. सकाळी पांडवलेणी, दुपारी त्र्यंबक, संध्याकाळी धरण असा बेत आखणाऱ्याने सोमवारी रजा टाकायची तयारी ठेवावी.

सुरुवात मिसळीपासून, कारण नाशकात रविवार म्हटलं की घरातला पहिला प्रश्न तोच असतो. इथली मिसळ काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर उभी असते. मटकी, वर शेव, रस्सा वेगळ्या भांड्यात, सोबत पापड, दही, कांदा-लिंबू, पाव, आणि जिभेची आग शमवायला जिलेबी किंवा गुलाबजाम. हल्ली तिची दोन घराणी झाली आहेत. एक मळ्यातलं: चुलीवरचा रस्सा, झाडाखाली टेबलं, मुलांना झोके. साधना आणि द्राक्षांच्या मळ्यातली ग्रेप एम्बसी ही त्यातली सर्वांच्या तोंडी असलेली नावं. दुसरं गावातलं: जुन्या नाशकातलं भगवंतराव, पंचवटीतलं अंबिका, सातपूरचं श्यामसुंदर. इथे झोका नाही, समोरचा माणूस उठायची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि बसल्यावर कोणी गप्पा मारत रेंगाळत नाही. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर मळा बरा. दोघं-तिघं मित्र असाल आणि चवीशी मतलब असेल तर गाव बरं. कुठली सर्वांत चांगली या वादात मी पडणार नाही. तो वाद घालण्यासाठीच निम्मे नाशिककर रविवारी एकत्र जमतात. दोन गोष्टी मात्र पाळा. साडेआठच्या आत पोहोचा. आणि रस्सा एकदम ओतू नका; आधी थोडा घ्या, तिखटाचा अंदाज आला की मग वाटी पुढे करा. पुन्हा रस्सा मागणं हा इथे ग्राहकाचा हक्कच समजला जातो.

मिसळ खाऊन थेट घरी परतणं हा रविवार वाया घालवण्याचा सोपा मार्ग आहे. त्याआधी दीड-दोन तास चाला.

जुन्या नाशकाची फेरी सकाळी साडेसहाला सुरू करावी, आणि ती रविवार कारंजापासूनच करावी. चांदीच्या गणपतीला नमस्कार करून उताराने नदीकडे निघालं की होळकर पुलाच्या अलीकडे सुंदरनारायणाचं देऊळ लागतं. ते १७५६ चं. दगडावरचं कोरीव काम बघायला सकाळचं तिरपं ऊन लागतं, दुपारी ते सपाट दिसतं. पूल ओलांडून डावी-उजवीकडे न भटकता खाली गंगेवर उतरा. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात, तेव्हा रस्ता विचारताना तसंच विचारा. रामकुंडावर पहाटेपासून विधी चालू असतात. ज्यांच्या घरचं कार्य चालू आहे त्यांच्यासमोर मोबाइल धरू नका, एवढं भान ठेवलं तरी पुरे. समोर कपालेश्वर. शंकराचं देऊळ असून पुढे नंदी नाही, म्हणून मुलांना इथे नेलं की ‘का?’ हा प्रश्न येतोच. गोष्ट घरून वाचून जा.

काळारामाला थोडा जास्त वेळ द्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे मंदिर, दगड रामशेजच्या डोंगरातला. बांधकामाची गोष्ट पुजारीही सांगतील. आपण मुलांना सांगायची ती दुसरी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या मंदिराच्या दारांशी प्रवेश मागत उभी राहिली, आणि दारं बंद ठेवण्यात आली. दादासाहेब गायकवाडांनी तो सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालवला. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे या दारांचा अनुभव होता. सकाळी सातला, गर्दी नसताना, प्राकाराच्या दरवाजाशी उभं राहून हे सांगता येतं. अकरा वाजता तिथे स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही.

परतताना रामसेतूकडून या. नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहा. ही घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आली असं सांगतात. नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिककर पुराचा अंदाज क्युसेकमध्ये कमी आणि मारुतीच्या अंगावर जास्त घेतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी चढत गेलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. याच वाटेने भांडी बाजारात शिरा. तांब्या-पितळेची दुकानं इतक्या सकाळी उघडलेली नसतात, पण जुने वाडे, त्यांची लाकडी तुळयांची तोंडं आणि उरलेसुरले नक्षीचे खांब बघायला बंद दुकानंच बरी पडतात. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा पाहून मेन रोडला आलात की फेरी पूर्ण. सायंताराचा साबुदाणा वडा इथेच. मिसळ आधी झाली असेल तर वडा बांधून घ्या.

गाडी या भागात आणू नका. सिटीलिंकच्या बसने रविवार कारंजापर्यंत या, किंवा रिक्षा करा आणि भाडं बसण्याआधी ठरवा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची कामं घाटाच्या परिसरात चालू आहेत, तेव्हा एखादा रस्ता बंद मिळाला तर गल्ली बदला. जुन्या नाशकात गल्ल्यांना तोटा नाही.

ज्याला देवळांपेक्षा डोंगर बरा वाटतो त्याने पांडवलेणी धरावी. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटर. चढ पायऱ्यांचा, सावकाश चढलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत माथ्याखालच्या लेण्यांच्या रांगेशी पोहोचतो. लेणी २४. तिकीट लागतं, जवळ बॅटरी आणि पाणी असू द्या. बहुतेक मंडळी वर येतात, कठड्याशी फोटो काढतात आणि उतरतात. त्यांच्यासारखं करू नका. तीन लेणी नीट बघा आणि बाकीच्यांवरून नुसती नजर फिरवा.

पहिलं, तिसऱ्या क्रमांकाचं. हे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचं दान. दर्शनी भागात लेण्याचं ओझं खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत. आतल्या लेखात या आईने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, इतकं कौतुक कोरून ठेवलं आहे की कुठल्याही आईला ते ओळखीचं वाटावं. फरक इतकाच की तिचा मुलगा खरोखरच सम्राट होता.

दुसरं, दहाव्या क्रमांकाचं, आणि माझ्या मते नाशिकमधली सर्वांत रंजक वास्तू हीच. हे क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. म्हणजे गौतमीपुत्राने ज्या क्षहरातांना हरवलं त्या घराण्याचं लेणं, सातवाहनांच्या लेण्याच्याच रांगेत. भिंतीवरच्या लेखात एका ठेवीचा हिशेब आहे. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांची वस्त्रं द्यायची. मुलांना तिथेच गुणाकार करायला लावा: दोन हजारांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. एकोणीसशे वर्षांच्या आसपासचा हा हिशेब पैशापर्यंत जुळतो, आणि व्यवहाराची नोंद नगरसभेत केल्याचंही लेखात सांगितलं आहे. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडवरचं आजचं गोवर्धन गाव असं अभ्यासक मानतात. वाइनरीकडे जाणाऱ्या मोटारी त्याच गावावरून भरधाव निघून जातात.

तिसरं, अठराव्या क्रमांकाचं चैत्यगृह. याचं तोंड बाहेरून बघा, मग आत शिरून स्तूपाभोवती एक फेरी घाला. लिपी वाचता येत नसेल तर बिघडत नाही. लेखांची मराठी भाषांतरं पुस्तकांत मिळतात. आदल्या दिवशी दोन पानं वाचून गेलात तरी भिंती बोलायला लागतात. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळक्यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरचा आणि मृत्यू १९४४ मध्ये नाशिकमधला; त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. मुलं दमली असतील तर इथल्या बागेत थांबा.

हिवाळ्यातल्या रविवारांपैकी एक तरी नांदूरमध्यमेश्वरसाठी राखून ठेवा. निफाड तालुक्यात, नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं त्यात गाळ साचत गेला. धरणवाल्यांच्या दृष्टीने ती डोकेदुखी. पाखरांना मात्र उथळ पाणी, चिखल, बेटं आणि पाणवनस्पती असं सगळं एकाच जागी मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूने गेलात तर वनविभागाचे मनोरे आणि गावातलेच गाइड मिळतात. गाइड घ्याच. नवख्या डोळ्याला जिथे नुसते काळे ठिपके दिसतात तिथे तो वारकरी, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असं एकेक वेगळं करून दाखवतो. जांभळी पाणकोंबडी जवळूनच चालत जाते, तिच्यासाठी दुर्बीणही लागत नाही. रोहित येतात, पण ते कधी, किती आणि कुठल्या बाजूला हे त्यांच्या मर्जीवर. त्यांच्याच भरवशावर मुलांना नेऊ नका.

निघायचं पहाटे साडेपाचला. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा एक आकडी होतो, तेव्हा कानटोपीची लाज बाळगू नका. भडक रंगाचे कपडे, मोठ्याने हाका आणि गाडीतली गाणी घरी ठेवा. साडेनऊनंतर ऊन चढलं की पाखरं विसावतात आणि सहलींच्या बस यायला लागतात. ती परतायची वेळ. हंगाम असेल तर येताना निफाडच्या रस्त्यावर शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्या. पेटी घेण्याआधी एक मणी चाखून बघा, शेतकरी स्वतःच देतो.

वाइनरींबद्दल थोडक्यात. गंगापूर रोडवरच्या सुलापासून नाशिकची वाइन घराघरांत पोहोचली हे खरं, आणि जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीच्या दिवसांत मळे बघण्यासारखे असतात हेही खरं. पण रविवारी तिथे जाणं म्हणजे पाहुण्यांच्या रांगेत उभं राहणं. तुम्ही नाशिकमध्ये राहत असाल तर एखादी बुधवारची संध्याकाळ काढा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि गाडी चालवणाऱ्याने पाणीच प्यावं.

मधला वेळ घरचा असं वर म्हटलं, ते गंभीरपणे घ्या. नाशिकमधल्या बऱ्याच घरांत रविवारी काळ्या मसाल्याचं मटण शिजतं. त्यासाठी कोणाला तरी सकाळी रांगेत उभं राहावं लागतं, आणि ते काम नेहमी एकाच माणसावर पडणार नाही हे बघा. फेरी आणि मटण दोन्ही साधायचं असेल तर शनिवारीच वाटण करून ठेवा. रविवारची फेरी ही बाईला स्वयंपाकातून सुटका असेल तरच घरातल्या सगळ्यांचा रविवार होतो; नाहीतर नऊला दमून परतायचं आणि ओट्याशी उभं राहायचं, यात निवांतपणा कोणाचा? एखाद्या रविवारी मटण चुकलं आणि पिठलं-भाकरी झाली तर आभाळ कोसळत नाही. जेवणानंतर झोप. ज्याला दुपारी झोप येत नाही त्याने पुस्तक घ्यावं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. सभासद नसाल तर शनिवारी जाऊन व्हा आणि रविवारच्या वेळा तिथेच विचारून घ्या. आणखी सोय हवी असेल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आहे. दहा-वीस घरांनी मिळून पुस्तकांची पेटी सोसायटीत आणायची आणि आपसांत फिरवायची. आमच्याकडच्या रविवारच्या दुपारी एरवी टीव्हीच्या असत, पेटी आल्यापासून निदान वाद तरी पुस्तकांवरून होतात.

उन्हाळ्यात किंवा भर पावसात बाहेर पडवत नसेल आणि घरीही बसवत नसेल, तेव्हा सिन्नर. पुण्याच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर. यादवांच्या काळातलं गोंदेश्वर हे पंचायतन: मधे शंकर, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. भूमिज शैलीचं शिखर लांबून नीट दिसतं, म्हणून आधी बाहेरून पूर्ण फेरी घाला. आणि मग गारगोटी संग्रहालय. विहिरी खणताना, खाणी फोडताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक इथे मांडलेले आहेत: गुलाबी, हिरवट, पारदर्शक, काही सुईसारखे, काही पानांसारखे. आधी मंदिर आणि मग संग्रहालय हा क्रम ठेवा. ज्या काळ्या खडकाच्या मुलुखात गोंदेश्वर उभं आहे त्याच्याच पोटात हे रंग दडलेले असतात हे मुलांना तेव्हा पटतं.

पावसाळ्याबद्दल मात्र जरा कडक बोलावं लागेल. जुलै-ऑगस्टच्या रविवारी पहिने, दुगारवाडी, अंजनेरी या बाजूला जाऊ नका. धबधबे सुंदर आहेत यात वाद नाही. पण त्या दिवशी अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात, वरच्या डोंगरात पाऊस झाला की ओढ्याचं पाणी काही मिनिटांत वाढतं, आणि पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच राहतात. प्रशासन अनेकदा बंदीही घालतं. अंजनेरीला जायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, सकाळी सहाला पायथ्याशी पोहोचा. पायथ्याच्या गावात जुन्या जैन-हिंदू मंदिरांचे अवशेष आहेत. जवळच नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, पण रविवारी उघडं आहे का हे फोन करून विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर बेत आखू नका. गडावर कंदीलपुष्पांच्या गटातली, अंजनेरीचंच नाव मिळालेली एक दुर्मीळ वनस्पती आढळते, तेव्हा फुलं तोडू नका आणि वाट सोडून गवतात शिरू नका.

साडेचारनंतर गाव पुन्हा आपल्या हाती येतं. परगावचे लोक कसाऱ्याच्या घाटाची धास्ती घेऊन निघालेले असतात. या वेळी सोमेश्वर बरं, पलीकडे धबधब्यापर्यंत चालत जाता येतं. लांब जायचं नसेल तर आनंदवल्लीचा नवश्या गणपती आणि नदीकाठ. नुसतं चालायचं असेल तर गोल्फ क्लबचा ट्रॅक, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरात कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या नाशिकच्याच विजयानंद नाट्यगृहात, जॅक्सन नाटकाला आलेला असताना. हे ठाऊक असलं की या गावात नाटक आणि इतिहास किती जवळ बसतात ते लक्षात येतं.

आणि नाटकच बघायचं असेल तर नाशिकला शिरवाडकरांचं आणि वसंत कानेटकरांचं गाव असण्याचा फायदा घ्या. शालिमारच्या महाकवी कालिदास कलामंदिरात व्यावसायिक नाटकांचे प्रयोग बहुधा शनिवार-रविवारी लागतात. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात हौशी आणि स्थानिक मंडळींचे प्रयोग असतात; तिकीट कमी, आणि पुढच्या वर्षी नाव होणारा नट तिथे आज बघायला मिळू शकतो. गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकात व्याख्यानं, कविता, गाणी असं काही ना काही चालू असतं, बहुतेक वेळा विनामूल्य. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे सतरंजीवर बसायची तयारी ठेवा, पाठ दुखत असेल तर कडेच्या खुर्च्यांसाठी अर्धा तास आधी जा. कालिदासच्या प्रयोगाची तिकिटं गुरुवार-शुक्रवारीच काढा. रात्रीचा प्रयोग उशिरा सुटतो आणि शालिमारला त्या वेळी रिक्षांचे भाव चढलेले असतात. मुलांची शाळा सोमवारी सकाळी सातची असेल तर दुपारचा प्रयोग घ्या. त्या रविवारी झोप बुडेल, पण तेवढं चालतं.